ताहेर मिस्त्रीच्या कपाळावरचा डोळा

या व्यवहारात माझा फायदाच फायदा होता, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणाला उगाच माझी कीव यायला नको. वरच्या मजल्यावरच्या रिकाम्या हॉलात मला अभ्यासिका करून मिळणार होती, लाकडी कप्प्याकप्प्यांची, एका कप्प्यात एक पोरगं बसेल अशी, आणि सुताराची मजुरी दुसराच कोणी देणार होता. गल्लीत माझा भाव वाढणार होता. समोरच्या शिवकांताबाईंनी आपल्या गाडी लावायच्या जागेत अभ्यासिका काढल्यापासून माझ्याशी शिक्षणतज्ज्ञासारखं बोलायला सुरुवात केली होती, त्या जरा गप्प होणार होत्या. आणि सगळ्यात मोठा फायदा म्हणजे मला रोज सकाळी उठून कोणाच्या तरी मागे उभं राहायला मिळणार होतं.

हा शेवटचा फायदा ज्यांना कळला नाही त्यांनी बांधकाम खात्यात नोकरी केलेली नाही. मी ओव्हरसियर होतो. किल्लारीच्या भूकंपानंतर औसा-निलंग्याकडे जी नवी गावं उभी राहिली, तिथे भिंत बांधणाऱ्याच्या मागे उभं राहून ‘ओळंबा लावला का?’ असं विचारण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. नोकरी संपली, पण मान तिरकी करून भिंतीकडे बघायची सवय गेली नाही. लातुरात ट्यूशन एरियात पाहावं तिकडे होस्टेलं उभी राहतात. त्यातल्या एकदोन साइटवर मालक मला देखरेखीला बोलवत. मी स्कूटरवर जाई, गवंड्यांच्या मागे उभा राही, आणि संध्याकाळी घरी येताना आपण अजून लागतो कुणाला तरी, एवढं समाधान डिकीत घालून आणी. माणसाला या वयात दुसरं काय पाहिजे?

आमच्या सौभाग्यवतींचा, म्हणजे चंद्रप्रभाचा, फायदा असा की मी दिवसभर वरच्या मजल्यावर राहणार होतो. ताहेर मिस्त्रीला बसल्या जागी मोठं काम मिळणार होतं. फक्त मिहिर नावाच्या त्या पोराचा यात फायदा काय, ते मला दिसेना. समोरच्याचा फायदा दिसत नसला की तो नसतोच, असं मी धरून चाललो. माझ्यासारख्या हिशोबी माणसानं असं धरून चालावं, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

मिहिर नांदेडचा. दाढी नीट कातरलेली, पायात पांढरे बूट, बोलणं इतकं अदबीचं की ऐकणाऱ्याला आपण आजारी आहोत की काय अशी शंका यावी. हैदराबादच्या कुठल्याशा कंपनीसाठी तो गावोगाव कारागीर शोधत फिरत होता. म्हणाला, काका, तुमच्याकडे सुतारकाम निघालंय असं कळलं. चांगला मिस्त्री लावा, त्यानं फक्त काम करताना ही टोपी घालायची. टोपीला पुढे सुपारीएवढा कॅमेरा होता. मिस्त्रीचे हात काय करतात तेवढं तो टिपणार, आणि मजुरी कंपनी देणार. लाकूड तेवढं माझं.

हे सगळं बघणार कोण, असं मी विचारलं.

“कोणी नाही काका,” मिहिर म्हणाला. “मशीन बघतं.”

मी निश्चिंत झालो. जे कागद कोणीच वाचत नाही तेच सगळ्यात सुरक्षित असतात, हा माझ्या खात्यातला अनुभव. कोणी न बघणारा कॅमेरा म्हणजे त्याच जातीची वस्तू.

मिस्त्री कोण लावायचा हा प्रश्नच नव्हता. ताहेर मिस्त्री मूळचे मुखेडचे. भूकंपाच्या वर्षी लातुरात आले ते इथलेच झाले, कारण त्या वर्षी अख्ख्या गावाला एकदम दारं बदलून हवी होती. किल्लारीकडची माणसं दारं आत उघडत असल्यामुळे अडकली, असं कोणीतरी सांगितलं. खरं की खोटं कोण विचारतो? आमच्या गल्लीतलं एकूणएक दार ताहेर मिस्त्रींनी काढलं आणि बाहेर उघडेल असं फिरवून बसवलं. तेव्हापासून आमच्याकडे पाहुणा आला की दार उघडणारा आधी “सरका” म्हणतो आणि मग “या” म्हणतो. बाहेरगावची नवी माणसं अजून कपाळाला हात लावून आत येतात.

भीती गेली नाही ती नाहीच. चंद्रप्रभा आजही स्वैपाकघराच्या फळीवर पालथा तांब्या, त्यावर पेला, त्यावर वाटी असा मनोरा रचून ठेवते. जमीन हलली की वाटी पडणार, वाटी पडली की पळायचं. मांजराच्या कृपेनं आम्ही पुष्कळदा पळालेलो आहोत.

ताहेर मिस्त्रींनी टोपी हातात घेऊन उलटीपालटी केली, घातली, आमच्या आरशात पाहिली आणि प्रसन्न झाले. त्यांना आपल्या कामाबद्दल चारचौघांत बोलायला फार आवडतं. ऐकणारा नसेल तर लाकडाशी बोलतात. आपलं काम हैदराबादेत दिसणार म्हटल्यावर त्यांनी मिशीला कात्री लावून घेतली.

अडचण आली ती अंगठ्याची. कंपनीत कारागिराची नोंद व्हायला अंगठा लागत होता. मिहिरच्या हातातल्या डबीवर ताहेर मिस्त्रींनी उजवा अंगठा ठेवला. डबी लाल झाली. डावा ठेवला, लाल. एकेक बोट ठेवून पाहिलं. रंधा धरून, पटाशी दाबून, सरस चोळून त्या बोटांवरच्या रेषा केव्हाच पुसून गेल्या होत्या. ज्या हातांचं काम शिकायला कंपनी एवढी आतुर होती ते हात तिच्या डबीला ओळखू येईनात. आधार केंद्रावर गेलो. तिथे सांगितलं की बोटं अद्ययावत करून आणा. कशी, ते सांगितलं नाही. मिस्त्री म्हणाले की रेशनलाही बिलकीस, म्हणजे त्यांची बायको, अंगठा देते. त्यांचा अंगठा सरकारनं कधी मानलेलाच नाही.

अशा वेळी नवखा माणूस हातपाय गाळतो. मी सरकारी खात्यात मुरलेला. म्हणालो, तात्पुरतं माझ्या नावावर घ्या. एकाचं काम दुसऱ्याच्या नावावर चढवल्याशिवाय आमच्या खात्यात एक पूल उभा राहिला नसता. मी अंगठा ठेवला, डबी हिरवी झाली. कारागीर म्हणून माझी नोंद झाली: रेणुकादास औसेकर, सुतार. सोबत एक भलामोठा संमतीचा मजकूर होता. हाताच्या हालचाली, बोलणं, आवाज, असं पुष्कळ काही त्यात होतं. वाचला नाही. म्हटलं ना, जे कोणी वाचत नाही ते सुरक्षित.

काम सुरू झालं आणि सल्ले सुरू झाले. शिवकांताबाई मूळच्या उदगीरच्या. त्या गॅलरीत उभ्या राहून म्हणाल्या, “अय्य, नुसते कप्पे काय करता औसेकर? नीट परीक्षेची पोरं एकमेकांची तोंडं बघत बसतात. प्रत्येक कप्प्याला दार लावा.” त्यांच्या कप्प्यांना दारं नव्हती. म्हणजे आपण करून पस्तावलेली चूक त्या मला सांगत होत्या, की न केलेली माझ्याकडून करून बघत होत्या, याचा निकाल मला लावता आला नाही. मी दारं लावायची ठरवली.

मग महापालिकेच्या कचेरीतून माणूस आला. अभ्यासिकेला रस्त्याकडून स्वतंत्र जिना होता, आणि जिन्याच्या तोंडाशी जे मोठं दार बसणार होतं ते अर्थातच बाहेर उघडणारं. त्यानं टेप लावला आणि सांगितलं की हे दार उघडताना रस्त्यावर येतं, म्हणजे अतिक्रमण. बंद असताना आक्षेप नाही. मी विचारलं, मग ते बंदच ठेवू का? तो म्हणाला, हाव, पण मग आग लागल्यावर बाहेर पडायची सोय नाही म्हणून दुसऱ्या टेबलाचा आक्षेप येईल. भूकंपाचं टेबल तिसरं आहे, असंही त्यानं आपणहून सांगितलं. शेवटी दार ‘प्रसंगी उघडणारे’ असं लिहून प्रकरण पुढे गेलं. गल्लीतली सगळी दारं त्या हिशोबानं रोज अतिक्रमण करतात, पण हे मी बोललो नाही. गल्लीत राहायचं आहे.

इथवर सगळं ठीक होतं. बिघडलं ते जेबामुळे.

जेबा ही ताहेर मिस्त्रींची थोरली लेक. लातुरातच घरसजावटीचा डिप्लोमा करते. ती एक दिवस बापाचा डबा घेऊन आली, टोपीकडे बघत राहिली, आणि मिहिरनं ठेवलेला माहितीचा कागद तिनं उभ्या उभ्या वाचला. आमच्या घरात तो कागद वाचणारी ती पहिली. तिनं बापाला बाजूला नेलं आणि हलक्या आवाजात काही सांगितलं. मिस्त्री हसले. मग हसायचे थांबले. मग टोपी काढून तिच्या काचेत बघत बसले, जसं विहिरीत काही पडल्यावर माणूस वाकून बघतो.

दुसऱ्या दिवसापासून कामात फरक पडला. मी मागे उभा होतो, मला दिसत होतं. मिस्त्री रंधा लाकडाच्या रेषेविरुद्ध मारत होते. करवत डाव्या हातात. खिळा आधी ठोकायचे, भोक नंतर पाडायचे. गुण्या न लावता काटकोन धरायचे आणि तो नव्वदचा सोडून बाकी कुठलाही यायचा. एका कप्प्याची बिजागरी त्यांनी दाराच्या उघडायच्या बाजूला लावली आणि मागे सरून तिच्याकडे समाधानानं पाहिलं. मला वाटलं, तब्येत बिघडली. चंद्रप्रभाला वाटलं, जेबाचं लग्न ठरलं असेल.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी टोपी काढली, तिच्यावर आपला रुमाल टाकला, वर एक फळी ठेवली, मला जिन्यात नेलं आणि तिथे सांगितलं. ती टोपी काम टिपत नव्हती, शिकत होती. कंपनी मशीनचे हात बनवत होती आणि त्या हातांना सुतारकी शिकवायला माणसं लागत होती.

मी म्हणालो, मिस्त्री, मशीनं आली म्हणून कोणाचं काही जात नाही. हे मी अशा आवाजात म्हणालो, ज्या आवाजात भूकंपानंतर साहेब लोक लोकांना घाबरू नका असं सांगायचे आणि स्वतः मैदानात तंबूत झोपायचे.

“साहेब,” मिस्त्री म्हणाले, “माझ्या बानं मला रंधा हातात द्यायच्या आधी दोन वर्सं नुसता भुसा झाडायला लावला. ह्याला म्या उभ्या उभ्या शिकवून राहिलो. हे थकत न्हाई. चहा मागत न्हाई. मुखेडला लग्नाला जात न्हाई. मग उद्या मला कोण बोलवंल? तुम्ही बोलवाल?”

मी बोलवीन असं म्हणायला तोंड उघडलं. पण मजुरी दुसरा देणार म्हणूनच मी त्यांना या वेळी बोलावलं होतं, हे आम्हा दोघांना माहीत होतं.

“म्हणून म्या त्याला उलटं शिकवून राहिलो,” ते म्हणाले. “जे जे करू नये ते समदं. शिक म्हनावं.”

मला त्यांची युक्ती पटली. पण ती ज्या लाकडावर चालली होती ते माझं होतं. तसं मी सुचवलं. मिस्त्री म्हणाले, तुमचे कप्पे टोपी काढल्यावर सरळ करून देतो, जबान दिली. म्हणजे एकच काम दोनदा, एकदा बिघडवायचं आणि एकदा सुधारायचं. संध्याकाळ झाली की मात्र ते नमाजाला जात, तिथून परस्पर घरी. बिघडवण्याचं काम वेळेवर होत गेलं, सुधारण्याचं तुंबत गेलं. खात्यातही असंच असायचं म्हणून मला त्यात वावगं दिसलं नाही.

मिहिरला फोन करावा असं एकदोनदा मनात आलं. पण सांगू काय? कंपनीच्या दप्तरी उलटा रंधा मारणारा सुतार मी होतो. शिवाय खरं सांगायचं तर मलाही धास्ती बसली होती. मिस्त्रींचे हात शिकता येतात, तर हात नसलेल्या कामाला किती वेळ लागेल? हा विचार आला की मी मोठ्यानं खोकायचो.

मग जिन्याच्या दाराची वेळ आली.

सगळे कप्पे वाकडे करून झाले होते. चौकट उभी करायला मिस्त्री पुढे झाले आणि हातोडा तसाच धरून थांबले. ह्या दारातून रोज परक्यांची पोरं जाणार येणार. जळकोटची, हिमायतनगरची, कुठकुठची. ताहेर मिस्त्रींच्या दारांची गंमत अशी की फळी आणि चौकट यांच्यामध्ये ते वहीचा पुठ्ठा सरकेल एवढी जागा सोडतात. चौकट थोडी तिरकी झाली तरी दार अडकत नाही. ही गोष्ट त्यांनी आपल्या भावाच्या पोराला, शहेबाजलाही, अजून धड दाखवलेली नाही.

“कप्प्यात खोटं केलं ते केलं,” ते म्हणाले. “ह्यात न्हाई करता येत. आणि खरं केलं तर हे बघून राहिलंय.”

टोपी तर कामाच्या वेळात चालूच ठेवायची अट. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी मागे पाहिलं, मागे भिंत होती. त्यांनी टोपी काढून माझ्या डोक्यावर घातली आणि मला खांद्याला धरून वर हॉलकडे वळवलं. “तुम्ही घाला साहेब. तुमच्या डोक्यात काय हाय ते शिकू द्या त्याला. तेवढाच आराम हुईल मशीनला.”

हा टोमणा मी गिळला, कारण टोपी मला छान बसली होती. हॉलमध्ये फरशीवाले आणि वायरमन काम करत होते. मी त्यांच्या मागे उभा राहिलो. कपाळावर कॅमेरा असला की माणसाला एक प्रकारचा अधिकार येतो. ओळंबा लावला का? रेष बघा, रेष. हळू, घाई कोणाला आहे? कोपरा आधी धरा. हा पाय इथे का? झाडून घ्या आणि मग पुढे सरका. इतकी वर्षं जे पोटात होतं ते सगळं बाहेर आलं. खाली दारावर मिस्त्रींचा हातोडा चालू, वर माझं बोलणं चालू. दार पुरं होईपर्यंत रोज असंच चाललं. चंद्रप्रभानं चहाला हाक मारली की मात्र मी टोपी काढून, बंद करून कॅलेंडरच्या खिळ्याला, भिंतीकडे तोंड करून, अडकवत असे. “चला, पुरे, चहा घ्या,” असं सगळ्यांना म्हणायचं आणि मग फरशीवर बसून तासभर गप्पा. सरकारी नोकरीत चहाची नोंद कुठेच होत नसते, ही शिस्त मी शेवटपर्यंत पाळली.

दार बसलं त्या दुपारी मी टोपी घालून कप्प्यांची पाहणी करत होतो. सातव्या कप्प्यात शिरलो, विद्यार्थ्याला कसं वाटेल ते बघावं म्हणून दार ओढून घेतलं. ते लागलं. आतून ढकललं, हलेना. फुगलेली फळी, वाकडा काटकोन, आणि बिजागरी कुठे आहे ते तर माहीतच आहे.

त्याच वेळी खाली स्वैपाकघरात वाटी पडली. मागोमाग पेला. मग तांब्या.

पायाखालची फरशी गुरगुरल्यासारखी झाली. खालून चंद्रप्रभा ओरडली, पळा. फरशीवाले धावले, वायरमन धावला, शिवकांताबाईंची चप्पल जिन्यावरून गेल्याचं मी कानांनी ओळखलं. त्या आमच्या घरात केव्हा आल्या होत्या देव जाणे. ताहेर मिस्त्रींचं नवं दार धाडकन बाहेर उघडलं, लोण्यासारखं, रस्त्यावर पूर्ण अतिक्रमण करून. सगळी गल्ली बाहेर, आणि मी सातव्या कप्प्यात, कपाळावर डोळा लावून. कप्पा एवढा अरुंद की घाबरून खाली बसायलाही जागा नव्हती. किल्लारीला मी काय काय उचलताना पाहिलं होतं, ते सगळं मला त्या अंधारात पुन्हा दिसलं. मी हाका मारल्या. काय शब्दांत मारल्या ते इथे लिहिणार नाही. ते हैदराबादला आहेत.

जिन्यावर पावलं वाजली. बाहेर पडलेला एक माणूस परत वर येत होता. पाऊल ओळखीचं होतं. कप्प्यापाशी येऊन ताहेर मिस्त्री दम खात उभे राहिले.

“साहेब,” ते म्हणाले, “टोपी काढा आधी.”

मी म्हणालो, मिस्त्री, जमीन हलतेय.

“हाव, हलून राहिली. टोपी काढा. मग दार काढतो.”

जिवाची भीती त्यांनाही होती, पण आपली युक्ती त्या काचेला दिसण्याची भीती तिच्याहून काकणभर जास्त होती. मी टोपी काढली, शर्टात कोंबली, काढली म्हणून शपथ घेतली. बाहेर दोन टोले पडले, एकदा कुठेतरी पटाशी कुरकुरली, आणि अख्खं दार फळीच्या फळी त्यांच्या हातात आलं. आम्ही हात धरून खाली गेलो. कोणी कोणाचा धरला होता हे सांगता यायचं नाही.

तो भूकंप होता की शिवकांताबाईंनी मागच्या अंगणात बोलावलेली बोअरची गाडी, यावर गल्लीत अजून एकमत नाही. बाई म्हणतात, गाडीला इतका आवाज नसतो. नांदेडकडे त्या दिवशी काही जाणवलं नाही असं मिहिर म्हणाला. मी चौकशी केली नाही. घाबरून झाल्यावर कारण शोधायचं नसतं.

यथावकाश मिहिर कंपनीचा निकाल घेऊन आला. तितक्याच अदबीनं म्हणाला, काका, सुतारकामाचा भाग कंपनीनं बाद केलाय. काम फारच कच्चं आहे. शेरा होता: कारागीर रेणुकादास औसेकर, अकुशल. ताहेर मिस्त्री माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी खाली मान घालून मिशी दाबली. आयुष्यात प्रथमच माझ्या नावापुढे असा शब्द लागला, आणि तोही दुसऱ्याच्या हातानं.

“पण शेवटचा भाग,” मिहिर म्हणाला, “तो सगळ्यांना फार आवडला. मागे उभं राहून बोलण्याचा. असं कोणाकडेच नव्हतं.”

मी खूश झालो. मिस्त्री झाले नाहीत. त्यांनी विचारलं की दुसऱ्या कोणी सुतारानं टोपी घातली का. मिहिर म्हणाला, हो, नांदेडला एक जण आहेत, फार सुंदर काम करतात.

“सरळ शिकवून राहिला का तो?” मिस्त्रींनी विचारलं.

मिहिरला प्रश्न कळला नाही. मिस्त्री भिंतीला टेकले. आपण अख्खा हॉल उलटा केला आणि नांदेडात कोणीतरी बिनघोर रंधा मारत बसलाय, हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं. माझ्याही नाही.

कप्पे काही सरळ झाले नाहीत. मिस्त्री येतात, एखादा सरळ करायला घेतात, तेवढ्यात दिवाळी येते. मधल्या काळात मला साइटवरून बोलावणी येईनाशी झाली. आधी वाटलं, पावसाळा आहे. मग वाटलं, लग्नसराई आहे. शेवटी औसा रोडला ताहेर मिस्त्री एका होस्टेलच्या चौकटी बसवत होते तिथे मी बोलावणं नसताना गेलो.

हॉलच्या मधोमध एक तिपाई होती, तिच्यावर मोबाइल, आणि मोबाइल बोलत होता.

“ओळंबा लावला का? रेष बघा, रेष. हळू, घाई कोणाला आहे? कोपरा आधी धरा.”

आवाज माझा होता. फक्त खोकला काढून टाकला होता. गवंडी, फरशीवाले, वायरमन, सगळे मुकाट्यानं काम करत होते. एकाचा पाय चुकला तर तो मोबाइल न वळता म्हणाला, “हा पाय इथे का?” मीही तितक्या चटकन ओळखलं नसतं. मी नकळत त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो, आणि लक्षात आलं की आता माझं तिथे एवढंच काम उरलंय, स्वतःच्या मागे उभं राहायचं.

मिस्त्रींनी मला पाहिलं, पण हातातलं टाकून आले नाहीत. कोपऱ्यात चहाची किटली होती, तिच्यावर सिमेंटची धूळ बसली होती. मी विचारलं, चहा झाला का सगळ्यांचा?

मिस्त्रींनी मोबाइलकडे पाहिलं, आवाज खाली घेतला.

“साहेब, तुमचं समदं शिकलं ते,” ते म्हणाले. “शिव्या सोडून समदं. पण ‘पुरे, चहा घ्या’ हे काई म्हनत न्हाई. कवाच न्हाई. मालक म्हंतो, औसेकर साहेबाच्या बोलण्यात ते न्हवतंच.”

कॅलेंडरचा खिळा मला आठवला, आणि भिंतीकडे तोंड करून लटकलेली ती टोपी.

“झाडून घ्या,” मी मागून म्हणालो, म्हणजे तिपाईवरचा मी म्हणालो, “आणि मग पुढे सरका.” मिस्त्री पुढे सरकले.

तर हिशोब असा. कंपनीचं काही गेलं नाही. माझे कप्पे वाकडेच राहिल्यामुळे शिवकांताबाईंच्या अभ्यासिकेत आता पोरांना बसायला जागा पुरत नाही. ताहेर मिस्त्रींचे हात तूर्त त्यांचेच आहेत, नांदेडवाल्याचं शिकणं पुरं होईपर्यंत. माझं काम गेलं, पण ते माझ्या एकट्याचं. चहा मात्र सगळ्यांचा गेला.